मागे सरणारं बेट

सात महिने भाऊ बहिणीशी बोलला नाही. कारण झालं तिनं लिहिलेलं दीड पानाचं टिपण.

बहीण किनाऱ्याची मोजणी करणाऱ्या खात्यात होती. समुद्र आणि मुख्य जमीन यांच्यामध्ये लांबट पसरलेल्या वाळूच्या बेटावर ती जन्मली, आणि नोकरी लागल्यावर तेच बेट मोजायचं काम तिच्या वाट्याला आलं. एका बाजूला खवळता समुद्र, दुसऱ्या बाजूला उथळ, शांत पाणी. त्याला सगळे खाडी म्हणत. वर्षातून दोनदा ती आणि खात्यातली तिची जोडीदारीण होडीतून उतरत. जोडीदारीण तिपाईवर दुर्बीण लावून बसायची आणि ही लाल-पांढऱ्या पट्ट्यांची उंच काठी घेऊन चालायची. बेटावर समुद्राकडून खाडीकडे जाणाऱ्या अकरा रेषा ठरलेल्या होत्या. दर दहा पावलांवर काठी उभी करायची, जोडीदारणीनं आकडा ओरडून सांगितला की आपल्या वहीत पेन्सिलनं टिपायचा. शाई ओल्या हातानं पसरते, म्हणून पेन्सिल.

लोकांनी तिचं नाव काठीबाई पाडलं होतं. भाऊ मात्र ठमीच म्हणायचा. पाच वर्षांची असताना ती बुटकी आणि गोलमटोल होती, आणि तिला छप्पन्नावं लागलं तरी त्यात काही फरक पडलाय असं त्याला वाटत नव्हतं.

भाऊ होड्या बांधायचा. त्याचं घर आणि शेजारचा कारखाना सातव्या रेषेवर, समुद्राच्या भिंतीपासून तीस पावलांवर होता. ही भिंत बावीस वर्षांपूर्वी उभी राहिली. तेव्हा लाटा पहिल्या ओळीतल्या घरांच्या पायऱ्या चाटायला लागल्या होत्या. भावानं गावाला एकत्र केलं, अर्जावर सह्या घेतल्या, खात्यात खेटे घातले. भिंत कुठून कुठपर्यंत हवी, त्याचा नकाशा बहिणीनं काढला आणि खाली सही केली. दगडाची ती लांबलचक भिंत उभी राहिली त्या दिवशी भावानं तिला खांद्यावर उचलून घ्यायचंच बाकी ठेवलं होतं.

पण वही काही वेगळंच सांगत होती. भिंतीपुढची वाळूची पुळण दरवर्षी खचत गेली आणि शेवटी उरलीच नाही. लाटा थेट दगडावर आपटायला लागल्या. ते एक वेळ समजण्यासारखं होतं. तिला बुचकळ्यात टाकलं ते मागच्या बाजूनं. जिथे भिंत होती, तिथे खाडीकडचा काठही झिजत होता. जमीन बसत चालली होती. मोठ्या भरतीला गल्लीत घोटाभर पाणी उभं राहायचं, आणि ते समुद्राचं नव्हे, खाडीचं. बेट दोन्हीकडून बारीक होत होतं. आणि उत्तरेच्या टोकाला, जिथे ना घर होतं ना भिंत, तिथे बेटाची रुंदी जशीच्या तशी होती. फक्त सगळं बेटच मागे, खाडीच्या दिशेनं सरकलं होतं.

तिला याचा अर्थ लागायला दहा वर्षं लागली, आणि तो मान्य करायला आणखी चार.

यंदा भिंतीचा चाळीस पावलांचा भाग ढासळला, नेमका भावाच्या घरासमोरचा. खात्यानं तिचं मत मागवलं. तिनं लिहिलं: पडलेला भाग पुन्हा बांधू नये. वाळूला आत यायला वाट द्यावी. पुढच्या ओळीतली घरं मागे हलवावीत.

शाळेच्या सभागृहात हे टिपण वाचून दाखवलं गेलं तेव्हा भाऊ पहिल्या रांगेत बसला होता. तो उठून उभा राहिला.

“भिंत बांधा म्हणून सही कोणाची होती?”

“माझीच,” ती म्हणाली.

“मग तेव्हा खोटं बोललीस की आत्ता बोलतेयस?”

कोणीतरी हसलं.

“तेव्हा मला ठाऊक नव्हतं, दादा.”

“तुला ठाऊक नव्हतं,” तो सावकाश म्हणाला, “आणि आम्ही त्या भरवशावर इथेच राहिलो.”

मागच्या रांगेतून निवृत्त पोस्टमन ओरडला, “काठीबाईला काय, ती संध्याकाळच्या होडीनं परत जाणार!” आणि सभा संपली. त्या दिवसापासून भावानं अबोला धरला.

तसा तो धड अबोलाही नव्हता. ती मोजणीला आली की भावाकडेच जेवायची. वहिनी तिला दुसरीकडे जाऊच द्यायची नाही. मग तिघं एका टेबलाशी बसायचे आणि भाऊ ताटाकडे बघून म्हणायचा, “तिला सांग, मीठ तिच्या कोपरापाशी आहे.”

“तिला कान आहेत,” वहिनी म्हणायची.

“ते मला माहीत आहे. तू सांग.”

एकदा वहिनी इतकी वैतागली की म्हणाली, “माझा काय टेलिफोन केलायत का दोघांनी?” बहिणीला हसू फुटलं. भावाच्या मिशीखालीही काहीतरी हललं, पण त्यानं लगेच पाण्याचा पेला तोंडाला लावला.

वादळाच्या हंगामात तीन दिवस समुद्र पिसाळला. तो शांत झाल्यावर बहीण मोजणीला आली आणि पहिल्याच सकाळी उत्तर टोकाच्या पुळणीवर थबकली. वाळू धुऊन गेली होती आणि खालून काळाभोर चिखल उघडा पडला होता. त्यात पाणगवताच्या मुळांचं जाळं होतं, खाडीतल्या कालवांच्या शिंपल्या होत्या. समोर मात्र समुद्र गरजत होता. अशा चिखलाची ओळख तिला कामातून होतीच. पण चिखलातून दोन रांगांत वर आलेले अकरा लाकडी खांब बघून तिनं काठी खाली ठेवली. जोडीदारणीला म्हणाली, “तू जरा बस. मी आलेच.”

कारखान्यात भाऊ एका होडीच्या फळ्यांमधल्या फटी बुजवत होता. वहिनी दारात बसून दोर सोडवत होती.

“वहिनी,” बहीण धापा टाकत म्हणाली, “याला सांग, बाबांनी बांधलेला होड्यांचा धक्का सापडलाय.”

भावाचा हात थांबला. “तिला सांग, धक्का गाडला गेला त्याला चाळीस वर्षं झाली.”

“आता वर आलाय. समुद्राच्या बाजूला.”

“धक्का खाडीच्या बाजूला होता!” तो थेट तिच्याकडे वळून म्हणाला. मग आपण बोललो हे त्याच्या लक्षात आलं, आणि वहिनीनं दोर बाजूला ठेवत, “सुटले बाई एकदाची,” असं म्हणून सुस्कारा सोडला.

तो चालत निघाला. गेल्या कित्येक वर्षांत तो उत्तर टोकाला फिरकला नव्हता. तिकडे कामच नव्हतं. चिखलापाशी पोचल्यावर त्यानं चपला काढल्या, पँट वर दुमडली आणि तो खांबांमध्ये शिरला. तिसऱ्या खांबापाशी गुडघ्यावर बसून त्यानं बोटांनी चिखल खरवडला. खाली गंजलेली लोखंडी पट्टी निघाली, आणि ती पट्टी तिरकी बसली होती.

“ही मी ठोकली होती,” तो म्हणाला. “सोळा वर्षांचा होतो. तिरकी बसली म्हणून बाबांनी कान पिळला. म्हणाले, पाण्याखाली जाणार आहे, कोणाला दिसणार आहे, तरी लाज वाटायला हवी.” तो पट्टीवरून हात फिरवत राहिला. “लाकूड अजून घट्ट आहे गं.”

“चिखलात हवा लागली नाही म्हणून.”

मग तो उठला आणि समुद्राकडे पाठ करून खाडीच्या दिशेनं मोठ्यानं पावलं मोजत निघाला. वाळूची टेकाडं ओलांडली, गवत ओलांडलं. खाडीच्या काठाला पोचला तेव्हा आकडा तीनशे दहावर आला होता. तिथे उभा राहून तो मागे बघत होता. ती मागून गेली. तिला माहीत होतं, हे गणित त्याचं त्यालाच सोडवू द्यायला हवं.

“म्हणजे धक्का जागचा हलला नाही,” तो शेवटी म्हणाला. “त्याच्यावरून बेट गेलं.”

“हो.”

“कसं?”

“वादळात लाटा पुढची वाळू उचलतात, बेटावरून पलीकडे नेऊन खाडीत टाकतात. पुढे जेवढं जातं, तेवढं मागे साठतं. त्यावर गवत उगवतं, गवत आणखी गाळ धरतं. बाबांचा धक्का अशाच वाळूखाली गेला.”

भाऊ डोकं खाजवत विचारात पडला. त्याच्या तोंडून पुढे जे निघालं, ते बहिणीनं आपल्या वहीत लिहून ठेवलंय, मोजणीच्या आकड्यांच्या समासात.

“होडी किनाऱ्यावर चढवताना आपण खाली ओंडके घालतो. होडी सरकली की मागे मोकळा झालेला ओंडका उचलायचा आणि नेऊन पुढे घालायचा. सगळे ओंडके तेच, पण होडी वर जाते. हे बेट तसंच करतंय. आणि मी काय केलं? मोकळा झालेला ओंडका धरून ठेवला. पुढे जाऊच दिला नाही.”

“तू नाही, दादा. आपण. सही माझी आहे.”

तो तिच्याकडे बघून एकदम चिडला. “सही सही काय लावलंयस? मी तुझ्या मागे लागलो नसतो तर केली असतीस का?” आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, “ते सगळं खरं. पण ठमे, मी त्रेसष्ट वर्षांचा आहे. मी कुठे जाऊ?”

दोघं तिथेच वाळूत बसले. जोडीदारणीनं दुर्बिणीतून पाहिलं, तेव्हा दोघांमध्ये अंतर नव्हतं, असं तिनं नंतर वहिनीला सांगितलं.

खात्याचा निर्णय आला तो धड इकडचा ना तिकडचा. पडलेला भाग बांधायचा नाही, उभी भिंत पाडायचीही नाही. ज्यांना मागे हलायचंय त्यांना खाडीकडच्या उंचवट्यावर जागा मिळेल. सात घरांनी बेट सोडलं. पोस्टमननं जाताना बहिणीच्या हातात हात दिला नाही. त्याच्या बायकोनं लावलेलं झाड नेता येण्यासारखं नव्हतं, आणि त्याचा राग कुठेतरी काढायलाच हवा होता. बहीण गावच्या धक्क्यावर होडी दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिली. आपलं मत बरोबर होतं, याचा तिला त्या दिवशी काडीचाही उपयोग झाला नाही.

पुढच्या वादळात भिंतीच्या पडलेल्या भागातल्या फटीतून लाटा आत आल्या आणि भावाच्या अंगणात गुडघाभर वाळू टाकून गेल्या. पूर्वी असं झालं की सगळे मिळून वाळू परत समुद्रात लोटायचे. भावानं हातगाडी काढली आणि एकेक खेप खाडीच्या काठावर नेऊन ओतायला सुरुवात केली. शेजारच्यांना वाटलं, म्हातारा सटकला. चौथ्या दिवशी त्यांतले दोघे आपापल्या हातगाड्या घेऊन आले.

दीड वर्षानं बहिणीनं सातव्या रेषेवर काठी धरली. खाडीकडच्या शेवटच्या टोकाला जोडीदारणीनं आकडा ओरडून सांगितला. बहिणीनं तो पुन्हा विचारला. तिसऱ्यांदा विचारल्यावर जोडीदारीण म्हणाली, “कान तपासून घे, तोच आहे!” भिंत झाल्यापासून पहिल्यांदा तिथली जमीन वीतभर वर आली होती. त्यातली भावाच्या हातगाडीची किती आणि समुद्राची किती, हे काही काठी सांगत नाही. वाळूत कोवळं पाणगवत उगवलं होतं. तिनं ते उपटलं नाही, नुसतं बोटानं हलवून पाहिलं.

त्याच सुमारास भावानं घर उतरवायला घेतलं. फळीन् फळी सुटी केली, प्रत्येकीवर खडूनं खूण केली आणि खाडीजवळच्या उंचवट्यावर खांबांवर पुन्हा उभं करायला लागला. वहिनी दोन दिवस रडली. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून समुद्र दिसायचा. चाळीस वर्षं तिनं चुलीशी उभं राहून तो पाहिला होता. तिसऱ्या दिवशी तिनं पदर खोचला आणि ती मापं सांगायला उभी राहिली.

बहीण सुट्टी काढून मदतीला आली. तिला वाटलं होतं, भाऊ होड्यांसारखेच खिळे ठोकत असेल. पण तो प्रत्येक सांध्याला भोक पाडून नटबोल्ट बसवत होता, आणि त्याला वेळ लागत होता.

“अहो, खिळे मारा की,” वहिनी कंटाळून म्हणाली. “असं केलंत तर घर उभं राहायला वर्ष जाईल.”

“जाऊ दे,” भाऊ पाना फिरवत म्हणाला. “पुढच्या वेळी सोडवायला सोपं पडेल.”

“पुढच्या वेळी? तेव्हा आपण असणार आहोत का?”

“आपण नसू. कोणीतरी असेलच.” त्यानं बहिणीकडे हात पुढे केला. “ठमे, तो मोठा पाना दे. आणि खिडकी कुठे पाडायची ते तुझ्या वहिनीला विचार. आता दिशा तिनं ठरवायची.”

वहिनीनं चारही बाजूंना बघितलं. एकीकडे खाडीचं पाणी होतं, दुसरीकडे दूरवर भिंतीची फट आणि तिच्यातून दिसणारा समुद्राचा तुकडा.

“दोन पाडा,” ती म्हणाली.