टाळूला चिकटलेली मी

मित्रांनो, थोरल्या मुलीचे लग्न ठरले, त्या वर्षी मी या घरात आले. मी एक जुनी कवळी आहे, फक्त वरच्या दातांची. मुलीची आई फोटोत तोंड मिटून बसणार नव्हती. नवरा ट्रक घेऊन लांबच्या फेरीवर गेला होता, तेवढ्यात तिने किडलेले दात काढून टाकले आणि मला करवून घेतले.

मला घडवणारा कारागीर हाताचा हळुवार होता. "पुढचा एक जरा वाकडा बसवतो, म्हणजे खरा वाटेल," तो म्हणाला.

ट्रकवाला परत आला. "काय गं, दात चमकतायत! नवी पेस्ट?"

"हो, महागातली आहे," ती म्हणाली.

लग्नात ती तोंडभर हसली. बायकांनी माझे कौतुक केले. पण मला रात्रीही सुट्टी नसे. न्हाणीघराची कडी लावून ती मला घाईघाईने धुई आणि लगेच टाळूला चिकटवी. नवऱ्याला तिचे बोळके तोंड कधीच दिसले नाही.

मग तिच्या छातीत गाठ निघाली. औषध सलाइनमधून चढू लागले. आधी केस गेले. मग तोंड पेटले. कोमट दूधसुद्धा झोंबू लागले.

वॉर्डातली सिस्टर सकाळी बॅटरी घेऊन येई. ओठ, जीभ, गालाची आतली बाजू, हिरड्या असे सगळे बघे. गिळताना दुखते का, लाळ घट्ट झाली का, हे विचारी.

"काकू, या औषधाने तोंड सोलवटतं," ती म्हणाली. "आणि रोगाशी झुंजायला अंगात ताकद उरत नाही. एवढीशी जखम असली तरी मला कळली पाहिजे. कवळी आहे का? असेल तर काढा, खाली बघायचंय."

माझ्या मालकिणीने नवऱ्याकडे पाहिले. तो शेजारीच स्टुलावर बसला होता.

"छे हो सिस्टर!" तो लगेच म्हणाला. "दगड फोडेल असे दात आहेत हिचे. मला अजून चावली नाही, हे माझं नशीब."

सिस्टर हसली. मालकीणही ओठ मिटून हसली. दुखत होते म्हणून तिने तोंड अर्धेच उघडले. बॅटरीचा उजेड जिभेवर पडला, गालांवर पडला. माझ्यापर्यंत पोचला नाही.

मित्रांनो, माझ्याखाली टाळू सोलून निघाली होती. मी प्रत्येक घोटाला तिथेच घासत होते.

दोन दिवसांनी तिला थंडी वाजून ताप भरला. नवरा औषध आणायला खाली गेला होता. सिस्टर वाकून म्हणाली, "काकू, आता खरं सांगा."

"हळू बोला, ते येतील."

"येऊ देत."

मालकिणीने मला काढले. माझ्यामागोमाग रक्त आले. आत पांढरे चट्टे होते आणि कुजका वास होता. सिस्टरचा चेहरा उतरला. तिने धावत जाऊन डॉक्टरांना बोलावले.

तेवढ्यात नवरा दारात आला. तिने चादर तोंडावर ओढली.

"अगं, काढ ती चादर," तो म्हणाला. "मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. 'श' म्हटलंस की शिट्टी वाजायची तुझी."

"मग सिस्टरला खोटं का बोललात?" चादरीआडून बोबडे शब्द आले.

"तू लपवत होतीस ना. म्हटलं, चारचौघांत तुझी मान खाली का घालू?"

तो खाली बसला आणि तिचे पाय दाबत राहिला.

मित्रांनो, रात्री आम्हांला काढून पाण्यात ठेवत जा, हिरड्यांनाही विसावा लागतो. आणि सिस्टर तोंड बघायला आली, की आम्हांला काढून तिच्या हातात द्या. समोर नवरा असो, सून असो, व्याही असो. तिथे लाजू नका, आणि आपल्या माणसाची लाज राखायला तिच्याशी खोटेही बोलू नका.

डॉक्टरांनी सगळी औषधे दिली. पण जखमेतले विष रक्तात भिनले होते. ट्रकवाल्याची बायको त्याच आठवड्यात, गुरुवारी दुपारी वारली.