आधी फोन केलात का?

मी फडताळाची नवी आवृत्ती बोलतेय. दचकू नका, मी लाकडाचं फडताळ नाही. 'फडताळ' हे आमच्या घराण्याचं नाव. मी एक सॉफ्टवेअर आहे. दवाखाने, शाळा, कचेऱ्या आपले कागद, फोटो, सूचना असं सगळं माझ्यात ठेवतात. कोणी एखाद्या पानात बदल केला तरी जुनं पान मी टाकून देत नाही, मागे नीट जपून ठेवते. माणसांना आपलंच लिहिलेलं दुसऱ्या दिवशी आवडेनासं होतं, त्यामुळे मला कामाची ददात नाही.

मला विकत घ्यावं लागत नाही. घडवणारे फुकट घडवतात, वापरणारे फुकट वापरतात, आणि ज्याला हौस असेल त्याने माझं पोट उघडून बघावं, काही बिघडलेलं दिसलं तर दुरुस्त करावं, अशी आमच्याकडची पद्धत. कुठली कुठली माणसं मला हातभार लावतात! एकमेकांची तोंडंही त्यांनी पाहिलेली नाहीत, पण भांडतात मात्र एका घरात नांदल्यासारखी.

सुरुवात खरोखर एका घरातच झाली. समोरच्या खोलीत खिडकीशी दोन टेबलं. एकावर दादा, दुसऱ्यावर त्याची बहीण बारकी. नाव बारकी, पण उंचीने दादापेक्षा वीतभर जास्तच. पलीकडच्या खोलीत आई. आपली मुलं दिवसभर काय करतात हे आईला कधीच नीट कळलं नाही. शेजारणीला ती सांगायची, "कपाटं बनवतात हो. पण दिसत नाहीत ती."

आता माझ्या दुखण्याकडे येते. फडताळातलं पान कोणी बदलायला घेतलं, की त्यावर एक छोटं कुलूप दिसतं आणि शेजारी त्या माणसाचं नाव. म्हणजे, हे काम याच्या हातात आहे, तोवर बाकीच्यांनी थांबा. त्याचं अर्धवट लिहिलेलं दुसऱ्या कुणाला दिसत नाही. काम झालं की तो पान परत ठेवतो आणि कुलूप निघतं. हा नियम दादाचा. आणि ज्याने लावलं त्यानेच कुलूप काढायचं, दुसऱ्या कोणी नाही, हाही दादाचाच.

यावरून भावंडांची रोज जुंपायची.

"अरे, पण माणूस नोकरी सोडून गेला तर?" बारकी म्हणायची. "पान काय जन्मभर अडकवून ठेवायचं? एक बटण दे ना, दुसऱ्याला कुलूप काढता येईल असं."

"हातात घेतलेलं काम हिसकावून घ्यायचं नसतं, बारके. फोन करायचा त्याला."

"उचलला नाही तर?"

"परत करायचा."

"आणि परत नाही उचलला तर?"

"मग तुला पाठवतो त्याच्या घरी. तुला बघून घाबरून काढेल कुलूप."

बारकी त्याला हातातली पेन्सिल फेकून मारायची. दादा ती उचलून आपल्या खिशात टाकायचा. तिच्या टेबलावर कधी पेन्सिल सापडायची नाही आणि त्याचा खिसा कायम फुगलेला. अशा भांडणांत मी हळूहळू आकाराला येत होते आणि खरं सांगते, फार मजेत होते.

मी तयार होत आले तेव्हा एकच मोठं काम उरलं होतं. 'वापरायला सुरुवात' नावाचं आमचं एक पान आहे. नवीन माणूस पहिल्यांदा तेच वाचतो. ते जुन्या आवृत्तीचं होतं, माझ्यासाठी नव्याने लिहायला हवं होतं. एका सकाळी दादाने ते घेतलं. कुलूप लागलं, शेजारी त्याचं नाव आलं. जरा वेळाने तो जेवायला उठला. जेवल्यावर म्हणाला, "मोरीतला नळ गळतोय, चकती घेऊन येतो." चप्पल घालून गेला.

चकतीच्या दुकानाच्या पायरीवरच त्याच्या छातीत कळ आली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

त्यानंतर त्या घरात काय झालं ते मी सांगू शकत नाही, कारण किती तरी दिवस कॉम्प्युटर कोणी चालूच केला नाही. चालू झाला तेव्हा बारकी एकटीच होती. तिने पहिलं ते पान उघडलं. कुलूप तसंच होतं. शेजारी दादाचं नाव आणि खाली, 'काम चालू आहे'.

काम चालू आहे! हे शब्द मीच दाखवत होते. माझा काय इलाज? मला शिकवलंय तेवढंच मला येतं.

बारकीने मनाशी धरलं, की त्या कुलपाआड दादाचं शेवटचं काहीतरी आहे. निदान चार ओळी. कदाचित त्यात तिला एखादा टोमणाही असेल. मागच्या दाराने आत डोकावणं तिला अवघड नव्हतं, माझी नस न् नस तिला ठाऊक. पण ती डोकावली नाही. रोज यायची, ते नाव बघायची आणि दुसऱ्या कामाला लागायची. मी मात्र जीव मुठीत धरून बसले होते. चाचणीसाठी आमची सगळी पानं माझ्यात आधीच ओतलेली होती. त्या कुलपाआड काय आहे ते मला माहीत होतं.

इकडे मला हातभार लावणारे कुरकुरायला लागले. नवी आवृत्ती कधी? पहिलं पान कधी? आधी सगळे दुःखात सामील होते, नुसती सांत्वनं. पण लोक किती दिवस थांबणार? त्यांचंही चूक नव्हतं. त्यातच एका दवाखान्यातल्या नर्सबाईंचा निरोप आला. ऑपरेशननंतर घरी जाणाऱ्या पेशंटसाठीच्या सूचनांचं पान एका डॉक्टरांनी बदलायला घेतलं आणि ते नोकरी सोडून परदेशी गेले. फोन लागत नाही. 'जुन्या सूचना चुकीच्या आहेत हो,' बाईंनी लिहिलं होतं, 'आम्ही रोज हाताने खोडून देतोय. एखादा कागद तसाच गेला तर कुणाच्या तरी जिवाशी खेळ होईल. तेवढं कुलूप काढता येईल असं करा ना.'

बारकीने तो निरोप वाचला आणि टेबलावर डोकं टेकून हमसून हमसून रडली. वर्षानुवर्षं ती जे मागत होती ते आता तिलाच करायचं होतं, आणि नको म्हणायला समोर कोणी नव्हतं.

तिने बटण बनवलं. 'दुसऱ्याचं कुलूप काढा.' त्यात तिने स्वतःचं एक घातलं. बटण दाबलं की मी लगेच कुलूप काढत नाही, आधी विचारते, 'त्या माणसाला फोन केलात का?' हो म्हटल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मंडळींनी यावरही कटकट केली. सॉफ्टवेअरने असल्या चौकशा कशाला करायच्या, म्हणाले. बारकीने एका ओळीत उत्तर दिलं, 'हे राहील.'

आणि मग ती दुपार आली. ते बटण पहिल्यांदा तिलाच दाबायचं होतं. तिने 'वापरायला सुरुवात' उघडलं, बटण दाबलं. मी विचारलं, 'त्या माणसाला फोन केलात का?'

नुसतं हो म्हणाली असती तर मला काय कळणार होतं? पण बारकीने फोन उचलला आणि दादाचा नंबर लावला.

पलीकडच्या खोलीत वाजला. दादाचा फोन आईने आपल्या उशाशी ठेवला होता, रोज चार्ज करायची. दोन-तीनदा वाजला, मग आईने उचलला. मध्ये नुसती भिंत, त्यामुळे प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येत होता.

"काय गं?" आई म्हणाली. "इथेच तर आहेस."

"आई..." बारकी म्हणाली. "दादाला विचार ना, कुलूप काढू का म्हणून."

कसलं कुलूप, कुठलं कुलूप, आईने काहीसुद्धा विचारलं नाही.

"काढ, बाळा," ती म्हणाली. "तुला तो कधी नाही म्हणालाय?"

बारकीने हो म्हटलं. मी कुलूप काढलं. शेजारचं दादाचं नाव गेलं. तिने अधाशासारखं पान वरपासून खालपर्यंत वाचलं, मग जुनं पान शेजारी ठेवून पुन्हा वाचलं.

एका अक्षराचाही फरक नव्हता.

"काय आहे गं आत?" फोनवर आईने विचारलं. फोन अजून चालूच होता.

"काही नाही, आई. नुसतं उघडलं होतं त्याने. लिहिलं काहीच नाही."

"मीच हाक मारली त्याला," आई म्हणाली. "येतो येतो म्हणत होता. भाजी गार होतेय म्हणून मीच ओरडले."

बारकी उठली, भिंतीशी गेली आणि फोन कानाला तसाच धरून भिंतीला टेकली.

"बरं केलंस, आई," ती म्हणाली. "गरम जेवून गेला."

त्यानंतर ते पान बारकीने लिहिलं. साधंच आहे, नवख्यालाही कळेल असं. मी बाहेर पडले आणि आता कुठे कुठे जाऊन पोचलेय. नर्सबाईंचं सूचनांचं पानही बदललं. मला बरी म्हणतात लोक. पण मी मजेत आहे का विचाराल, तर नाही. त्या पानाच्या मागच्या नोंदी माझ्यात कायम राहणार. त्यांत दादाची शेवटची नोंद आहे, 'पान घेतले. बदल नाही.' ती मी कधीच पुसणार नाही, आणि वाचणाऱ्या कुणाला तिचा अर्थही कळणार नाही.

तुमचंही कधी असं कुणापाशी काम अडेल. समोर कुलूप दिसेल, शेजारी एक नाव दिसेल आणि मी ते विचारेन. वैतागून नुसतं हो म्हणून पुढे जाऊ नका एवढीच विनवणी आहे. खरंच फोन करा. आणि उचलला, तर कामाचं नंतर बोला. आधी जेवलात का, ते विचारा.