वाकड्या कानाचं मडकं

"वल्हांडणाची मडकी अशी फोडतात होय? अंडं फोडल्यासारखी?"

दाराशी बसून हरभरे भाजता भाजता यिशारेगने सुनेला सुनावलं. अंगणात दासाश एकेक मडकं उचलून दगडावर हलकेच आपटत होती, जणू त्याला लागेल.

"तुटलं म्हणजे झालं ना, आई?"

"नाही झालं. वर्षभराचं खमीर मडक्याच्या अंगात मुरलेलं असतं, आणि सणाला ते घरात चालत नाही. ते काय लाडीगोडीने निघतं? आवाज यायला हवा."

दासाशने पुढचं मडकं जोरात आपटलं. आवाज समोरच्या डोंगराला लागून तसाच परत आला. पूर्वी ज्यूंच्या या गावात वल्हांडणाला घराघरातून जुनी मडकी फुटायची, नवी घडायची, बायका एकमेकींना चिडवायच्या. आता शेजारची छपरं खचली होती. मागच्या पावसाळ्यात अख्खं गाव जेरुसलेमला जायचं म्हणून सुदानच्या वाटेला लागलं. धर्मगुरू गेले, सणाचं कोकरू कापणारे हात गेले. सण कोणत्या दिवशी हे सांगणारंही कोणी उरलं नाही. यिशारेगने चंद्र बघून दिवस ठरवला होता, आणि चुकला असेल तर देवाने स्वतः येऊन भांडावं, असं सुनेला बजावलं होतं.

तिगाबूही गेला. तिचा लेक, दासाशचा नवरा. यिशारेगचे पाय लांब चाललं की सुजायचे; वाटेत लेकाला ओझं नको म्हणून ती मागे राहिली आणि तिला सांभाळायला दासाश. निघायचा निरोप अचानक आला. पीठ आंबायची वाट न बघता यिशारेगने तशाच भाकरी थापल्या आणि गरम गरम त्याच्या फडक्यात बांधल्या. गुलामीतून घाईने निघालेल्या पूर्वजांच्या बेखमीर, न आंबवलेल्या भाकरीची गोष्ट ती लहानपणापासून दर वल्हांडणाला ऐकत आली होती. पीठ आंबायलासुद्धा वेळ नसणं म्हणजे काय, ते तिला त्या दिवशी कळलं.

मग खळ्याच्या दिवसांत सरहद्दीकडून परतलेल्या एका खेचरवाल्याने तिला मातीच्या खाणीपाशी गाठलं. सुदानातल्या छावणीत हगवणीची साथ आली, तिगाबूला तिथेच पुरलं, म्हणाला. यिशारेगने टोपली भरली, डोक्यावर घेतली आणि घरी येऊन सांगितलं, "खेचरवाला भेटला होता. तिगाबू बरा आहे म्हणे. जाडा झालाय."

"बरं झालं," दासाश म्हणाली आणि चूल फुंकत राहिली.

तेव्हापासून जेवताना दोघी त्याच्याविषयी बोलायच्या. तिकडे त्याला लोहारकाम मिळालं असेल का, जेवायला कोण वाढत असेल. यिशारेग म्हणायची, तिकडच्या बायकांना आपली आंबवलेल्या पिठाची इंजेरा कुठली जमतेय. दासाश हसायची.

अंगणातला आवाज थांबला. यिशारेग काठी टेकत उठली आणि खापरांचा ढीग काठीने उलटापालटा करू लागली.

"वाकड्या कानाचं कुठंय?"

"त्यातच असेल."

"माझ्या हातची माती मी ओळखत नाही होय?"

दासाश हातावरची राख पदराला पुसत राहिली.

गेल्या सणाला नवी मडकी घडवताना तिगाबू मध्येच येऊन बसला होता. मातीकाम बायकांचं, पण त्याने हट्टाने आपल्या जवाच्या दारूच्या मडक्याला स्वतः कान लावला. हातोडा धरणारा हात तो. कान लागला तो एका बाजूला कललेला. "लोहारा, हे काय घोड्याचा नाल ठोकलास?" म्हणत दासाश पोट धरधरून हसली होती.

यिशारेग घरात गेली. कणगीचं झाकण सरकलेलं होतं. तिने आत हात घातला. तेफ धान्याच्या वाळल्या गवताखाली तिगाबूची जुनी शाल लागली आणि शालीत मडकं. तिने ते नाकाशी नेलं. दारूचा वाससुद्धा नव्हता. खमिराचा अंशही राहू नये म्हणून कोणीतरी राखेने घासघासून धुतलं होतं, पुन्हा पुन्हा धुतलं होतं.

मडकं छातीशी धरून ती दारात आली. कोपऱ्यात नव्या मडक्यांसाठी माती भिजत पडली होती. दासाश दगडापाशी तशीच उभी होती, मान खाली घालून, शिव्या खायच्या तयारीत.

यिशारेगने कान जिथे जोडला होता तिथून अंगठा फिरवला. मग मडकं सुनेपुढे धरलं.

"परत येणाऱ्या नवऱ्याचं मडकं बायको हसत फोडते, दासाश. तो आला की नव्या मडक्यालाही असाच वाकडा कान लावेल, म्हणून फोडते. तू हे दडवलंस. म्हणजे तुलाही कळलंय. आणि मी आपली समजत होते, या घरात खोटं बोलणारी मी एकटीच. धर. अंडं फोडल्यासारखं नको. आवाज येऊ दे."