हत्ती पाणी पिऊन जाईपर्यंत

वहिनीला सगळी गल्लीच वहिनी म्हणायची. घराच्या पुढच्या खोलीत दोन मशीनं मांडून ती ब्लाऊज शिवायची. नवरा निवृत्त झाला तेव्हा त्यानं हौसेनं एक सहल ठरवली. साधीसुधी नाही. पार दूरच्या देशात जायचं, जंगलातल्या आलिशान तंबूत राहायचं, उघड्या जीपमधून प्राणी बघायचे, तिथल्या लोकांच्या वस्त्यांवर जाऊन त्यांची कारागिरी बघायची.

"आयुष्यभर बायकांचे गळे कापलेस," तो म्हणाला, "आता जरा जिराफाचा गळा बघ."

आणि निघायच्या तोंडावर तो बल्ब बदलायला स्टुलावर चढला. स्टूल एकीकडे, तो एकीकडे, आणि पाय प्लास्टरमध्ये.

"रद्द करू," वहिनी म्हणाली.

"मुळीच नाही. तू जा. माझ्या जागी छकुलीला ने."

छकुली म्हणजे त्याची धाकटी बहीण. वय अठ्ठावन्न. मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर म्हणून हयात गेलेली, दुसऱ्या शहरात एकटी राहणारी. तिला छकुली म्हणायची छाती भावाशिवाय कुणाची नव्हती. वहिनी त्यांना वन्सं म्हणायची. म्हणजे बोलणं होतं तेव्हा.

सासूबाई गेल्या त्याला सहा वर्षं झाली होती. शेवटची काही वर्षं त्या अंथरुणाला खिळल्या होत्या आणि त्यांचं सगळं वहिनीनंच केलं होतं. वन्सं येऊन पोचल्या तेव्हा उशीर झाला होता. आईचं काडीसारखं मनगट हातात घेऊन त्या भरल्या घरात म्हणाल्या, "माझी आई उपाशी गेली." वहिनीनं उलट उत्तर दिलं नाही. ती उठून आत गेली, आणि त्या दिवसापासून दोघींत शब्द नाही. काही विचारायचं असलं, कळवायचं असलं, की मध्ये नवरा.

"त्यांच्याबरोबर एका तंबूत?" वहिनी म्हणाली. "त्यापेक्षा वाघाच्या पिंजऱ्यात ठेवा मला."

"तिथं वाघ नसतात. सिंह असतात."

"मग सिंहाच्या ठेवा."

नवरा हसला. मग प्लास्टरवरून हात फिरवत म्हणाला, "मी असा पडलो तेव्हा एक विचार आला मनात. उद्या मी नसलो तर तुमचे निरोप कोण पोचवणार?"

वहिनीनं माळ्यावरची बॅग खाली काढली. तिकडे बहिणीला त्यानं काय सांगितलं कोण जाणे, पण वन्संचा होकार आला.

तंबू कसला, राजवाडाच तो. भिंती तेवढ्या कापडाच्या. आत पितळी नळांचा भलामोठा टब, पांढऱ्याशुभ्र चादरी, पायाखाली मऊ गालिचे. बाहेर लाकडी ओटा, ओट्याला लागून लहानसा पोहायचा हौद, आणि उताराखाली नदी. कुंपण कुठंच नव्हतं. गाईड, एक उंच, शांत माणूस, पहिल्याच दिवशी म्हणाला, "तंबूजवळ जनावर आलं तर पळू नका, ओरडू नका. जिथं असाल तिथं स्तब्ध राहा. तुम्ही घाई केली नाही तर ते काही करत नाही."

त्या गाईडची मात्र पंचाईत झाली. वन्सं त्याला फर्ड्या इंग्रजीत सांगायच्या, "त्यांना म्हणावं, टोपी घाला, ऊन लागेल." तो बिचारा वळून वहिनीला तेच हळूहळू सांगायचा. वहिनी म्हणायची, "त्यांना सांगा, थँक यू." दोघी एकाच सीटवर बसलेल्या. त्याला वाटलं, दोघी वेगवेगळ्या देशांतल्या असाव्यात.

तंबूतही तेच. वन्सं पहाटे उठून स्वतःची गादी अशी ताठ घालायच्या, की साफसफाईला येणारी मुलगी दारातच थबकायची. आपण कशाला आलो तेच तिला कळेनासं व्हायचं. वहिनीला हसू यायचं, पण ते दाखवायचं कुणाला?

तिसऱ्या दुपारी सगळे आपापल्या तंबूत विसावले होते. वन्सं बाहेर ओट्यावर, लांब खुर्चीत, तोंडावर टोपी घेऊन आडव्या झाल्या. वहिनीनं टब भरला. जन्मात पहिल्यांदा ती पाण्यात अशी निवांत पसरली. अंग सैल सोडलं, डोळे मिटले, आणि बाहेर कुणीतरी जोरात नाक शिंकरल्यासारखा आवाज झाला.

जाळीच्या खिडकीतून तिनं पाहिलं. आधी नुसती करडी भिंत दिसली. मग त्या भिंतीला सुरकुत्या दिसल्या. मग डोळा. हत्ती हौदाशी उभा राहून सोंडेनं पाणी पीत होता, आणि त्याच्यापासून दोन हातांवर वन्सं टोपीखाली घोरत होत्या.

वहिनीनं कसाबसा टबाशेजारचा टॉवेलचा अंगरखा गुंडाळला आणि दाराची चेन इंचाइंचानं वर केली. "वन्सं," ती कुजबुजली. सहा वर्षांत पहिल्यांदा. वन्सं हलल्या नाहीत. मग तिला दिसलं, कानात घालायचं यंत्र शेजारच्या तिपाईवर काढून ठेवलेलं होतं. जाग आली की त्या खाडकन उठून बसणार. तशी त्यांची सवयच होती, रेक्टरकीची. आणि हत्तीच्या तोंडासमोर बाई खाडकन उठली तर काय होईल, हे वहिनीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

अडीअडचणीला वाजवायला गाईडनं दिलेली शिट्टी होती उशाशी, पण ती वाजवली तर हत्ती बिथरेल. आपण आत राहिलो तर कुणी नावं ठेवणार नाही, असंही तिच्या मनात येऊन गेलं. तोवर ती ओट्यावर रांगायला लागली होती. ओल्या केसांतून पाणी निथळत होतं. गुडघे दुखत होते. हत्तीनं सोंड थांबवली, कान पसरले, तिच्याकडे पाहिलं. ती थांबली. त्यानं पुन्हा सोंड पाण्यात घातली तशी ती पुढं सरकली.

खुर्चीपाशी पोचून तिनं एक हात वन्संच्या छातीवर दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं टोपी हळूच बाजूला केली. वन्संचे डोळे उघडले. समोर वहिनी, चिंब भिजलेली, ओठांवर बोट ठेवून. आणि वहिनीच्या डोक्यामागं हत्ती.

वन्संनी तिचा हात पकडला. इतका घट्ट, की बांगडी रुतली. दोघी तशाच राहिल्या, एक आडवी, एक गुडघ्यांवर. हत्ती पीत राहिला. सावकाश, चवीनं. पोट भरल्यावर त्यानं उरलेली सोंडभर चूळ अंगावर उडवून घेतली, त्यातली निम्मी या दोघींवर, आणि मग आल्या वाटेनं नदीकडे उतरून गेला. एवढं धूड, पण पाय वाजला नाही.

दोघींनी एकमेकींचे हात सोडले. मग वन्सं म्हणाल्या, "वहिनी, तुझा अंगरखा उलटा आहे."

वहिनीला हसू फुटलं. वन्संनाही. यंत्र नसल्यामुळे त्या मोठ्यानं हसत होत्या. शेजारच्या तंबूतले आजोबा काय झालं ते बघायला बाहेर आले.

पण एका हसण्यानं सहा वर्षं पुसली जात नाहीत. संध्याकाळी जेवताना त्या बोलल्या, पण मीठ दे, पाणी दे, एवढंच.

दुसऱ्या दिवशी गाईडनं त्यांना जवळच्या वस्तीवर नेलं. तिथली एक बाई मण्यांचं विणकाम करायची. तिचं घर म्हणजेच तिचा कारखाना. वहिनी दारातच बसून तिची सुई, तिचा दोरा, तिचे टाके बघण्यात रंगून गेली. दोघींना एकमेकींचा शब्द कळत नव्हता, पण गाठ कशी मारायची यावर त्यांचं छान जुळलं. वन्सं मात्र अंगणात उभ्या होत्या.

अंगणात सावलीला एका खाटेवर खूप म्हातारी बाई टेकून बसली होती आणि एक तरुण सून तिला चमच्यानं भरवत होती. चमचा ओठांशी नेला की म्हातारी तोंड मिटायची. सून हनुवटी पुसायची, काहीतरी गमतीचं बोलायची, पुन्हा चमचा न्यायची. एखादा घास जायचा. पुढचा बाहेर यायचा. वन्सं बघत होत्या. म्हातारीचं मनगट काडीसारखं होतं.

वन्संनी गाईडला विचारलं, "तिला विचारा, रोज असंच असतं का?"

गाईडनं विचारलं, सून हसून काही बोलली. "ती म्हणते, रोज. कधी दोन घास जातात, कधी तेही नाही. आजीनं ठरवलंय, आता पुरे. पण आपण विचारत राहायचं."

वन्सं खाटेच्या आणखी जवळ गेल्या. मग त्यांनी वहिनीकडे बोट केलं आणि इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करून गाईडला म्हणाल्या, "या मुलीला सांगा, माझ्या वहिनीनं माझ्या आईचं हेच सगळं केलं. बरीच वर्षं. मी लांब होते. मला माहीत नव्हतं, हे असं असतं."

गाईडनं ते तिथल्या भाषेत सांगितलं. सुनेनं मान वर करून वहिनीकडे पाहिलं, जणू एकाच कामावरची बाई भेटली.

वहिनीचं इंग्रजी बेताचंच. तरी तिच्या हातातली सुई थांबली होती.

"कळलं ना?" वन्संनी विचारलं.

"कळलं," वहिनी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण मणी सुईत ओवायचा राहिला होता, म्हणून तिनं तो आधी ओवला.

परतीच्या दिवशी गाईडनं त्यांना माळावरच्या धावपट्टीशी सोडलं. छोटं विमान यायचं होतं. एका झाडाखाली बाक होता, त्यावर दोघी बसल्या. समोर झेब्रे चरत होते. आता त्यांच्याकडे कुणी मान वळवून बघत नव्हतं.

"वहिनी, आई शेवटी काही बोलायची का गं?"

"खूप बोलायच्या. कुकरची शिट्टी झाली की त्यांना वाटायचं, गाडी सुटली. मग लगेच विचारायच्या, छकुली बसली का गाडीत?"

वन्संनी कानातलं यंत्र नीट बसवलं.

"मी म्हणायची, बसली. मग म्हणायच्या, खिडकीपाशी? मी म्हणायची, हो, अगदी खिडकीपाशी. मगच शांत व्हायच्या."

"मला लहानपणी गाडी लागायची," वन्सं म्हणाल्या. "आई भांडून खिडकी मिळवायची माझ्यासाठी. दादा रुसायचा."

"हे मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं, असंच बरळतायत."

"नाही गं. बरोबर बोलत होती ती." वन्संनी नाक पुसलं, पाय बाकावर वर घेतले आणि त्या वहिनीकडे वळून बसल्या. "अजून काय म्हणायची? सगळं सांग. मधलं काही गाळू नकोस."

वहिनी सांगू लागली. सासूबाई डॉक्टरांना शेजारचा वाणी समजून तूरडाळीचा भाव विचारायच्या, इथपासून सुरुवात झाली. विमान येऊन उतरलं, गाईड बॅगा उचलून हाका मारू लागला, तरी वन्सं हातानंच त्याला थांब म्हणत होत्या.