जेसो आटेपर्यंत

शाळेतून आल्या आल्या मार्नीने स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं आणि खांद्यावरचं दप्तर उतरवायचंच विसरली. औषधाच्या रिकाम्या बाटलीवर चिकटवलेली तिची मूर्ती खिडकीत उभी होती. म्हणजे सकाळपर्यंत तरी ती मूर्ती होती. आता तिथे क्रीममध्ये बुचकळून काढलेलं काहीतरी होतं. नाक नाही, डोळे नाहीत, तोंड नाही. हातातल्या पळीचा लॉलीपॉप झालेला.

आजोबा सिंकपाशी ब्रश धूत होते. तेही चहाच्या मगमध्ये.

"जेसो लावला," रंगाआधी ब्रशने द्यायच्या त्या पांढऱ्या थराचा डबा दाखवत ते खुशीत म्हणाले. "बाहेर आठवडाभर झिमझिम चाललीये. या हवेत त्याऐवजी स्प्रे मारला असतास तर तिच्या अंगावर वाळू उठली असती. क्लबातल्या गॅरेथची सगळी पलटण तशीच खरखरीत झाली ना मागे."

"मला विचारलंत?"

"तू शाळेत होतीस."

"शाळा सुटते, आजोबा. रोज सुटते."

मार्नी चिडली होती त्याला कारण होतं. ही मूर्ती म्हणजे बोटभर उंचीची शिशाची स्वयंपाकीण. पूर्वीच्या फौजांमागून भांडीकुंडी घेऊन चालायच्या, तशांपैकी एक. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात उगारलेली पळी, आणि चेहऱ्यावर असा वैताग, की आख्खी फौज चिखलाचे बूट घेऊन तिच्या स्वयंपाकघरात शिरली असावी. नॉटिंगहॅममधल्या एका कारखान्यात आजोबांनी जन्मभर असे सैनिक ओतले, पण स्वतःच्या हाताने कोरलेली मूर्ती ही एकच. थोड्या प्रती निघाल्या आणि रबराचा साचाच फाटला. उरलेली शेवटची प्रत त्यांनी वाढदिवसाला मार्नीला दिली, आणि देताना कानात सांगितलं की हा चेहरा एनिडआजीचा आहे, पण आजीला त्याचा पत्ता नाही आणि लागायलाही नको.

रविवारी चर्चच्या हॉलमध्ये क्लबची छोट्या मूर्ती रंगवण्याची स्पर्धा होती. मार्नीने यंदा पहिल्यांदाच मोठ्यांच्या गटात नाव दिलं होतं. गेल्या वर्षी लहान गटात तिला 'छान प्रयत्न' असं प्रमाणपत्र मिळालं होतं. ते तिने कपाटाच्या मागे टाकून दिलं होतं. यंदा तिला पक्की खात्री होती. बाकीचे सगळे चकचकीत घोडेस्वार आणि ड्रॅगन आणणार. वैतागलेली बाई कोणीच आणणार नाही. सगळा खेळ त्या चेहऱ्यावर होता, आणि चेहरा आता उकडलेल्या बटाट्यासारखा दिसत होता.

आजोबांचं म्हणणं असं की जेसो ओला असताना भयाणच दिसतो. पण वाळता वाळता तो आटतो, अंगाबरोबर ताणून बसतो, आणि बुडालेलं सगळं परत वर येतं. फक्त सकाळपर्यंत त्याला हात लावायचा नाही.

"लोकरीचा स्वेटर धुतल्यावर कसा आटतो, तसं," ते म्हणाले.

टेबलाशी मटार सोलत बसलेल्या आजीने मान वर केली नाही. "माझा निळा स्वेटर याने असाच आटवला होता. तो अजून वर आलेला नाही."

आजोबा टीव्हीपुढे जाऊन पेंगायला लागले. मार्नीने खूप धीर धरला, निदान तिला स्वतःला तरी तसं वाटलं. ती खिडकीशी गेली, परत आली, परत गेली. जेसो आटायचं काही नाव घेईना. मग तिने अगदी हळूच, नुसतं बघायला म्हणून, करंगळी टेकवली. चेहऱ्यावर तिच्या बोटाचा ठसा उमटला.

संपलं. तिने मूर्ती नळाखाली धरली आणि जुन्या टूथब्रशने खसाखसा घासायला घेतली. अर्धवट वाळलेला जेसो कुठे रबरासारखा सोलून आला, तर कुठे त्याच्या बारीक गोळ्या होऊन नेमक्या डोळ्यांत आणि ओठांच्या फटीत जाऊन बसल्या. तिने सुईने टोकरल्या, तर त्या आणखी आत गेल्या. पळी वाकली. पाठीकडे पोचेपर्यंत मार्नीचा जीव मेटाकुटीला आला होता, म्हणून पाठ तशीच राहिली.

आजोबा चहाला उठले तेव्हा त्यांनी मूर्ती पाहिली. समोरून करडं उघडं शिसं आणि दोन्ही डोळ्यांत पांढरी चिपडं. त्यांनी नुसत्या भुवया उचलल्या. ओरडले असते तर बरं झालं असतं. भुवयांशी भांडता येत नाही.

शनिवारी सकाळी मार्नीने मूर्ती फिरवून पाहिली आणि तिचं डोकंच फिरलं. पाठ अप्रतिम वाळली होती. ॲप्रनच्या नाडीची गाठ, झग्याची चुणी न् चुणी, अंबाड्यातले आकडेसुद्धा, सगळं वर आलं होतं. जिथे तिने हात लावला नव्हता, तेवढीच जागा शाबूत होती.

"तुम्ही नीट सांगायला हवं होतं," ती म्हणाली.

"सांगितलं की."

"मग जोरात सांगायचं."

आजोबांनी कपाळाला बांधायचं भिंग तिच्यापुढे सरकवलं. मग स्पिरिट, कापूस आणि दात कोरायच्या काड्या काढल्या. सुईने शिसं ओरबाडलं जातं, काडीने नाही, एवढंच त्यांनी सांगितलं. स्पिरिटने गोळ्या मऊ पडल्या, आणि सकाळभर ती वाकून एकेक काढत बसली. पळी आजोबांनी हलकेच सरळ केली. मग तिने स्वतः जेसो घेतला, ओलसर ब्रशने खाचाखोचांत भरला, आणि एकदा लावलेल्या जागी परत फिरली नाही. चेहरा पुन्हा बटाटा झाला. मार्नी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून खुर्चीवर बसली.

असं बसणं किती वैतागाचं असतं ते बसल्यावरच कळतं. नाक खाजलं तरी ती हलली नाही. आजीने टोस्ट आणले, तेही गार झाले. आणि आजोबा मात्र येता-जाता खिडकीशी वाकत होते, चष्मा वर-खाली करत होते. शेवटी त्यांचं बोट पुढे आलंच.

"बघू जरा, वाळलाय का..."

"हात लावू नका."

बोट मागे गेलं. "कोणीतरी सांगितलं बाई याला," आजी म्हणाली.

संध्याकाळी आधी नाकाचा शेंडा दिसायला लागला. मग दोन भुवयांमधली आठी, मग घट्ट मिटलेले ओठ. शिशाच्या चकाकीत हा चेहरा कधी इतका स्वच्छ दिसलाच नव्हता. मार्नी आनंदाने किंचाळली, आणि काय झालं म्हणून आजी सूप ढवळता ढवळता तशीच आली. तिने भिंग डोळ्यापुढे धरलं आणि मूर्तीवर वाकली.

"सिरिल," ती म्हणाली, "ही मी आहे?"

आजोबा एकदम खिडकीबाहेरचा पाऊस बघायला लागले.

"इतकी वर्षं मी हिच्यावरची धूळ पुसली. आणि माझं नाक एवढं आहे?"

"जेसोमुळे जरा जाड दिसतं," आजोबा पुटपुटले.

"नाही हं, आजोबा," मार्नी म्हणाली. "जेसो आटलाय. आता जे दिसतंय ते आजीचंच आहे."

आजीचे गाल लालबुंद झाले आणि एक हात कमरेवर गेला. दुसऱ्या हातातली सुपाची पळी वर झाली. मार्नीने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा खिडकीतल्या मूर्तीकडे, आणि पटकन रंगांचा डबा जवळ ओढला. गालांवर नेमका कुठला लाल द्यायचा, ते तिला आठवडाभर सुचत नव्हतं.

"आजी," ती म्हणाली, "थोडा वेळ अशीच उभी राहा. हलू नकोस."