कस्तुरीच्या भाकरीतली कचकच

मी काटवट बोलतेय. भाकरीचं पीठ मळायची लाकडी परात. हल्ली घरोघरी स्टीलच्या पराती आल्यात. त्या पडल्या की सगळ्या गल्लीला कळतं. मी पडले तरी फारसा आवाज करत नाही. म्हणूनच बहुधा माझ्या वाट्याला बोलण्यापेक्षा ऐकणंच जास्त आलं.

फणसाच्या एका ओंडक्यातून कोरून मुरगूडच्या सुतारानं मला बाजारात मांडलं होतं. नागाप्पानं बोटांनी वाजवून बघितलं आणि नव्या बायकोसाठी घेतलं. तिचं नाव महादेवी. दोघंही सीमेपलीकडची, कानडी बोलणारी, पोटासाठी कोल्हापुरात आलेली. एका फौंड्रीच्या भिंतीला पाठ लावून जी गल्ली वसली होती, तिथं सगळी घरं अशीच. पुरुष भिंतीच्या आत लोखंड ओतायचे, बायका भिंतीबाहेर भाकरी थापायच्या.

१९९६ साली भिंतीपलीकडं नवं मशीन आलं. ओतकामाच्या साच्यांतली जळकी वाळू दळून पुन्हा वापरण्याजोगी करणारं. उरलेल्या वाळूचा ढीग उघड्यावरच पडायचा. मशीन आलं म्हणजे काम वाढलं, असं समजून गल्लीनं पेढे खाल्ले.

त्याच साली महादेवीच्या थोरल्या लेकाचं, श्रीशैलचं लग्न झालं आणि कस्तुरी घरात आली. तिचा हात लहान होता, पण भाकरी माझ्या काठापर्यंत पसरायची. थापताना ती मान किंचित तिरकी करायची, जणू माझं काही ऐकतेय.

पहिल्याच महिन्यात महादेवीचा घास तोंडात थांबला.

“कस्तुरी, पीठ चाळलंस का नुसतं बघितलंस?”

“चाळलं की, अत्ती.” सासूला ती कानडीत अत्ती म्हणायची.

“मग दाताखाली काय, तुझ्या बापानं घातलेलं सोनं वाजतंय व्हय?”

कस्तुरीनं दोनदा चाळायला सुरुवात केली. मग फडक्यातून गाळलं. गिरणी बदलली. शेवटी ज्वारी धुऊन पत्र्यावर वाळत घालू लागली. आणि पत्र्यावर तर भिंतीपलीकडून दिवसभर ती बारीक, काळी धूळ उतरत होती. माझ्यावरही उतरत होती. खिडकीखाली मला सुकायला ठेवलं की माझ्या रेषारेषांत बसायची. आगीतून जाऊन आलेली वाळू वेगळी लागते. थंड असते, तरी चटका दिल्यासारखी. मला सगळं ठाऊक होतं. पण लाकडाला विचारतंय कोण?

नागाप्पा गप्प जेवायचा. श्रीशैल राजारामपुरीत कापडाच्या दुकानात होता. सगळं बोलणं गिऱ्हाइकांवर खर्चून घरी येताना रिकामा यायचा.

दिवाळीला आलेल्या पाहुण्यानं तोंडातून काहीतरी काढून ताटाच्या कडेला ठेवलं. हसून ठेवलं, तेच वाईट झालं. दुसऱ्या दिवशी महादेवी म्हणाली, “माहेरी जा. पीठ चाळायला शीक, मग ये.”

कस्तुरीनं जाण्याआधी मला धुतलं, पुसलं, भिंतीला टेकवलं. कुणी आणायला गेलं नाही. ती आली नाही.

कचकच मात्र राहिली.

आता पीठ महादेवी स्वतः चाळत होती. सून घालवून दिल्यावर ही कचकच कुणाच्या नावावर घालायची? तिनं कुणाला काही सांगितलं नाही. पहाटे मात्र तिला भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला. थप्, थप्, थप्. ती उठून यायची. चूल गार. मी भिंतीला टेकून रिकामी. ती माझ्यावर तळवा ठेवायची, ऊब आहे का बघायला.

खोटं कशाला सांगू, तो आवाज मलाही यायचा.

पुढं बसव जयंतीला गल्लीच्या देवळात दासोह होता. दासोह म्हणजे सगळ्यांना पोटभर जेवण. घराघरांतून भाकरी येते आणि एकाच ढिगात मिसळते, कुणाची कुठली हे देवालाही कळत नाही. गल्लीत सगळ्यांत मोठी मी, म्हणून तो ढीग माझ्यात रचला होता.

पंगत बसली. पहिला घास मोडला. आणि पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच आवाज गेला. कच. कच. कच.

वाढणाऱ्या सगळ्या बायकांनी एकदम माना खाली घातल्या. प्रत्येकीला वाटलं, ती भाकरी माझीच. शेजारची अक्काताई, जैनांची, तोंडानं फटकळ, तिनं कमरेवर हात ठेवले.

“काय गं बायांनो, समद्याच घरात सुना आळशी हाईत व्हय? माझ्या घरात तर सूनच न्हाय. मी काय सोत्तालाच माहेरी धाडू?”

कुणीतरी हसलं. मग एकेक बोलू लागली. माझ्याबी. आमच्याबी. मी तर लेकीला मारलं त्यापायी. नागाप्पा ताटावरनं मान वर न करता म्हणाला, “मला वाटायचं, ती वाळू माझ्याच तोंडातली हाय. कामावरनं आणलेली.”

महादेवी माझ्याजवळ उभी होती. माझ्या काठावरची तिची बोटं गार पडली.

दुसऱ्या दिवशी तिनं मला धुऊन फौंड्रीच्या भिंतीवर उताणं ठेवलं, वरून काय उतरतंय ते बघायला. शेजारी अक्काताईची काटवट, मग तिच्या पलीकडचीची. भिंतभर काटवटी. संध्याकाळी आम्ही सगळ्या काळ्या. तशाच डोक्यावर घेऊन बायका प्रदूषणाच्या साहेबांकडं गेल्या. घरात भांडणं पेटली. “पोटावर पाय आणताय आमच्या,” पुरुष ओरडायचे. “आणि पोटात काय जातंय ते?” बायका विचारायच्या.

साहेब पाहणीला यायचे, तेव्हा मशीन नेमकं बंद असायचं. हवा स्वच्छ. साहेब चहा घेऊन जायचे. बायका पुन्हा जायच्या. एकदा मात्र साहेब ढिगाशी उभे असतानाच मशीन घरघरलं आणि त्यांचा पांढरा सदरा सगळ्यांदेखत काळा झाला.

नागाप्पाचं काम त्याच दिवशी सुटलं. घरी येऊन म्हणाला, “बटणाला चुकून हात लागला.” महादेवीनं त्याला त्या दिवशी गूळ घालून दूध दिलं.

शेवटी मशीनवर शेड आली, ढीग उचलला गेला. भाकरी मऊ लागायला लागली. तेव्हा महादेवीनं मला लुगड्यात गुंडाळलं आणि एस.टी.नं कस्तुरीच्या माहेरी आली.

कस्तुरी वाळली होती. तिनं पाय धरले, मला ओळखलं, आत नेलं. पीठ चाळलं. पुन्हा चाळलं. पुन्हा. आजूबाजूला नुसतं शिवार, फौंड्रीचा मागमूस नाही, तरी चाळतच राहिली.

महादेवी म्हणाली, “वाळू फौंड्रीची होती, कस्तुरी. तुझं काय चुकलं न्हवतं. मी न्यायला आलीया.”

“जेवा आधी, अत्ती.”

भाकरी वाढून कस्तुरी दाराआड उभी राहिली. मान तिरकी, श्वास धरलेला. तिची आई हळूच म्हणाली, “कुणीबी जेवाय बसलं की अशीच उभी ऱ्हाते. दात वाजत्यात का ऐकत.”

महादेवीनं घास तोंडात घातला. आणि चावला नाही. एकेक घास तसाच गिळत गेली, डोळ्यांतून पाणी येईतोवर. आवाज होऊ नये म्हणून.

चल, असं ती पुन्हा म्हणाली नाही. जाताना मला तिथंच ठेवलं.

त्याला आता बरीच वर्षं झाली. माझा काठ चिरलाय. कस्तुरीचे हात अजून माझ्यात चालतात आणि अजून थांबून ऐकतात. माझं मागणं एवढंच. तुमच्या दाताखाली काही आलं, तर चुलीपुढल्या बाईकडं बघण्याआधी उठा, दार उघडा आणि बाहेर बघा. ती दाराआड उभी आहे. तुमचा घास ऐकते आहे.