टॉवरचा पहिला बळी

आमच्या इमारतीच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर बसणार, हे मालकाने कुणाला सांगितलं नव्हतं. वाळत घातलेल्या चादरींमागे दोन अनोळखी माणसं टेप धरून मापं घेताना सापडली, तेव्हा कळलं. पकडलं तळमजल्यावरच्या हेडबाईंनी. त्या शाळेतून रिटायर झाल्या, त्यांचा आवाज झाला नाही. संध्याकाळी त्यांनी जिन्यातच सगळ्यांची सभा घेतली.

"राहत्या घरांच्या डोक्यावर हे नको. शनिवारी परवानगी देणारे साहेब जागा बघायला येणार आहेत. त्याआधी आपले बोर्ड तयार पाहिजेत."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. दुकानांचे बोर्ड रंगवणं हा माझा धंदा. बायको गेल्यापासून मी ब्रशला हात लावला नव्हता. पण नाही म्हणायला तोंड नव्हतं. रात्रीचं जेवण हेडबाईंकडून येत होतं. गॅसचं सिलिंडर दुसऱ्या मजल्यावरचा इन्व्हर्टर खांद्यावरून वर आणून देत होता. सगळे गप्प झाले की हा सुरू होतो, म्हणून त्याचं नाव इन्व्हर्टर.

"पेंटरकाका," तो म्हणाला, "साहेबाला चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे बरं का. आणि लाल रंग भरपूर. आणि—"

"आणि शनिवारी तू तोंड उघडायचं नाहीस," हेडबाई म्हणाल्या.

टॉवर मलाही नको होता. माझी खोली सगळ्यात वरची, म्हणजे तो माझ्याच डोक्यावर आला असता. पण मुलीचा फोन आला की मला गॅलरीच्या कोपऱ्यात भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं, हेही खरं. त्या रात्री फोनवर तिला हे सांगितलं, तर ती हसली. "बाबा, रेंज हवी आणि टॉवर नको, असं कसं चालेल?"

"पाणी हवं म्हणून कुणी विहीर डोक्यावर घेतं का?" मी म्हटलं. हेच एका बोर्डावर लिहू का, असंही विचारलं. ती म्हणाली, लिहा.

दुसऱ्या दिवशी हेडबाई वर आल्या. खुर्चीवर बसल्या आणि आवाज खाली आणून बोलल्या. हे त्यांचं नेहमीचं नव्हतं.

"वहिनींचा एखादा फोटो आहे का? मोठी प्रत काढून बोर्डावर लावू." त्यांनी खिडकीकडे बोट केलं. समोरच्या बेकरीच्या छपरावर आधीचा एक टॉवर आहे. "त्यांची खाट या खिडकीशी होती. टॉवर हा असा समोर. आणखी काय पुरावा पाहिजे? खाली एकच ओळ लिहा. टॉवरचा पहिला बळी."

मी फोटो दिला. हेडबाईंचे डोळे भरले होते. अशा वेळी माणूस वाद घालत नाही.

शुक्रवारपर्यंत बाकीचे बोर्ड झाले. हात हळूहळू वळणावर आला. टर्पेंटाइनचा वास खोलीत भरला. त्या वासावरून बायको नेहमी भांडायची. मग तिचा बोर्ड घेतला. सुतळीला खडू लावून दोन रेघा मारल्या, ब्रश भिजवला आणि तसाच बसून राहिलो.

तिची किडनी बेकरीवर टॉवर यायच्या कितीतरी आधी बिघडली होती. मुलगी शाळेत जात होती तेव्हापासून औषधं चालू होती. टॉवर उभा राहिला तोवर दवाखान्यातला शिपाईसुद्धा आम्हाला घरच्यासारखा ओळखत होता. तिने मीठ सोडलं, पाणी मोजून प्यायलं, सुया टोचून घेतल्या आणि घर चालवलं. हे सगळं पुसून मी त्यावर टॉवर रंगवायचा? तिच्या नावावर खोटं माझ्याच हाताने लिहायचं?

पण लिहिलं नाही तर? उद्या साहेबाने परवानगी दिली तर सगळे म्हणतील, पेंटरने घात केला. ज्यांच्यामुळे मी ती गेल्यापासून दोन घास खातोय, तीच माणसं तुटतील. मग या खोलीत मी आणि भिंती.

मी ब्रश धुऊन ठेवला.

शनिवारी सकाळी सगळे बोर्ड खाली नेले. तिचा शेवटी नेला. वर फोटो, खाली नुसत्या खडूच्या रेघा.

"हे काय?" हेडबाई म्हणाल्या. "लाल रंग संपला?"

"रंग आहे. पण ते खरं नाही, हेडबाई. ती किडनीने गेली. दुखणं टॉवरच्या आधीचं आहे."

इन्व्हर्टर म्हणाला, "अहो काका, थोडं वाढवून सगळेच सांगतात. कंपनीवाले काय हरिश्चंद्र लागून गेलेत?"

"त्यांना सांगू दे. माझ्या बायकोच्या नावावर नको."

कुणी बोलेना. इन्व्हर्टरसुद्धा. हेडबाईंनी बोर्ड हातात घेतला, फोटोकडे बघितलं आणि तो हळूच भिंतीकडे तोंड करून ठेवला.

"चूक माझी," त्या म्हणाल्या. "मी विचारलं नाही, ठरवूनच टाकलं. मला वाटलं, तिच्यासाठी काहीतरी होतंय म्हणून तुम्हाला बरं वाटेल. आधी बोलायचं ना, वेड्या माणसा!"

वेड्या माणसा, असं मला बायकोनंतर कुणी म्हटलं नव्हतं. छातीवरचा दगड कुणीतरी उचलून बाजूला ठेवावा तसं झालं.

साहेब आले. बरोबर कंपनीचा माणूस होता. साहेबांनी विहिरीचा बोर्ड वाचला आणि ते गालात हसले. मग विचारलं, "टॉवरमुळे इथे कुणी आजारी पडलंय का?"

हेडबाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं. "आमच्याकडे तसा पुरावा नाही. पण ज्यांच्या डोक्यावर तो येणार, त्यांना एका शब्दाने विचारलं नाही. आणि गल्लीच्या टोकाला गोदामाची मोकळी जागा पडली आहे. तिथे कुणी राहत नाही. मग आमच्या उशाशी कशाला?"

साहेब कंपनीच्या माणसाकडे वळले. "तिथून रेंज मिळेल?"

"मिळेल, पण खांब उंच लागेल."

"मग लावा उंच. इथे मी सही करणार नाही."

एवढ्यावर काम झालं. कंपनीचा माणूस त्यांच्यामागून गोदामाकडे गेला. इन्व्हर्टरने मुलांना घेऊन जिन्यात असा गोंगाट केला, की साहेबांनी परत वळून बघितलं.

संध्याकाळी हेडबाईंच्या खोलीत सगळ्यांचा चहा झाला. मी कोपऱ्यात बसलो होतो. कप भरता भरता त्यांनी विचारलं, "मग वहिनींना त्या बेकरीवरच्या टॉवरचा राग नव्हता?"

"राग? तो बसला तेव्हा खिडकी सोडायला तयार नव्हती," मी म्हटलं. "एक पोरगा वर चढला होता, भित्रा. खांबाला अशी मिठी मारून बसला, की सोडेचना. खालून त्याचा मुकादम ओरडतोय. ही खाटेवरून ओरडली, अरे, बायकोला मार मिठी, त्या खांबाला काय मारतोस!"

हेडबाईंच्या हातातला चहा बशीत सांडला. इन्व्हर्टर खो खो हसत सुटला. "आणि मग? तो उतरला का?"

"उतरला. खाली आल्यावर त्याने वर बघून तिला सलाम केला. मी आत पडद्यामागे लपलो होतो, शरमेने."

"तुम्ही लपलात?" हेडबाई म्हणाल्या. "वाटलंच मला."

मी कप पुढे केला. मग मला तिची दवाखान्यातली एक गंमत आठवली. तीही सांगायला घेतली.